प्रतिसाद: नसबंदी झाली की लगेच निर्धास्त?

पुरुष नसबंदीने ताकद कमी होत नाही असं नसबंदीवरच्या मूळ लेखात म्हटलंय ते बरोबरच, हार्मोन रक्तातून जातात, शुक्राणू नेणारी जी नळी बांधतात तिच्यातून नाही, आणि वीर्यात शुक्राणूंचा वाटा इतका थोडा असतो की फरक डोळ्यांना कळतही नाही. पण "ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवसापासून दिवस राहण्याचं टेन्शन नाही" हे मात्र साफ चूक आहे हो! नळी बांधली तरी बांधलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्राणू शिल्लक असतातच, ते संपायला साधारण ३ महिने लागतात. तोपर्यंत कंडोम किंवा दुसरं काहीतरी वापरायचंच आणि मग वीर्य तपासून घ्यायचं.

माझं बिनटाक्याचं झालं, भूल देऊन, अर्ध्या तासात घरी जायला मोकळा, दोन दिवस जरा ठणकलं बस. टेस्टचा मात्र कंटाळा केला (आता काय तपासायचं म्हणून), शेवटी बायकोनेच मागे लागून करायला लावली तर रिपोर्टमध्ये अजून थोडे शुक्राणू दिसले, महिन्याने परत केली तेव्हा कुठे शून्य आला. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत ऑपरेशन अर्धंच झालंय असं धरून चाला.