कार्डावर ‘पिटबुल मिक्स’ लिहिलंय, हे ठरवलं कशावरून?

चिंगीची आई:
चिंगी माझी कुत्री, चार वर्षांची, निवाऱ्यातून आणलेली. आईबापांचा पत्ता नाही. लशीच्या कार्डावर ‘पिटबुल मिक्स’ आहे हे बिल्डिंगमध्ये कळलं आणि आता सगळे म्हणतात, धोकादायक जात आहे, हलवा. काल दुसऱ्या डॉक्टरांनी तिला बघून ‘बॉक्सर असेल’ म्हटलं. आजवर ती कोणाच्या अंगावर धावून गेलेली नाही. कोणाचं खरं मानू?

खुरटी शेपटी:
कोणाचंच नको. सहा वर्षं निवाऱ्यात हेच फॉर्म भरलेत मी. ‘जात’ हा रकाना रिकामा सोडला तर कॉम्प्युटर पुढे सरकायचा नाही. कुत्रं टेबलावर थरथरतंय, मागे चार पिंजरे थांबलेत. डोकं रुंद, केस आखूड, छाती भरलेली? लिहा पिटबुल मिक्स, पुढचा आणा. सगळं अंदाजपंचे. त्याच कुत्र्याला घर मिळावं म्हणून जाहिरातीत आम्हीच ‘लॅब्राडोर मिक्स’ लिहायचो, हेही कबूल करतो.

नुसतं बघून जात ओळखता येते का, हे फ्लोरिडातल्या चार निवाऱ्यांत तपासून पाहिलंय, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. १२० कुत्री, ओळखणारे १६ कर्मचारी, त्यात ४ पशुवैद्य. प्रत्येक कुत्रं चौघांनी पाहिलं. डीएनएत पिटबुल गटाचा अंश निघाला २५ जणांत. त्यातली ५ एकालाही ओळखता आली नाहीत. उलट अंश नसलेल्यांपैकी दर तिसऱ्याला कोणी ना कोणी पिटबुल ठरवलं. डोक्याची ठेवण नि केस मोजक्या जनुकांवर ठरतात, बाकीचं कुत्रं कुठून आलंय ते त्यात दिसत नाही.

स्पष्टच बोलतो:
संशोधन ठीक आहे हो. पण मोठ्या जबड्याचं कुत्रं चावलं तर लचका तुटतो. लहान मुलाच्या आईला डीएनएचा कागद दाखवणार का?

खुरटी शेपटी:
जबड्याचं म्हणणं मान्य, माझ्याही हातावर टाके आहेत (चावलं होतं एक स्पॅनियल जातीचं कुत्रं, पण ते जाऊ दे). वजन, ताकद डोळ्यांना दिसते, तेवढ्यावर बोला की! जात दिसत नाही. अमेरिकेत २००० ते २००९ मध्ये कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेले २५६ मृत्यू तपासले, तर खात्रीने जात सांगता आली ४५ प्रकरणांत. बातम्यांत मात्र जात आधी छापून येते. ब्रिटनचा १९९१चा कायदा तर आईबाप विचारतच नाही, बांधा आणि मापं बघतो. म्हणजे दोन परवानगीच्या जातींचं पिल्लूही मापात बसलं तर बंदीत जातं.

चिंगीची आई, कार्ड बदलून घ्या. जात अज्ञात, वजन इतकं, चावल्याची नोंद नाही, एवढंच लिहायला सांगा.

चिंगीची आई:
घेतलं बदलून. ‘संकरित, जात अज्ञात, १९ किलो.’ सेक्रेटरींना दाखवलं. चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “अज्ञात? मग तर जास्तच जपायला हवं!”