कुंपण छाटताना रुतलेला काटा : जखम आणि त्यानंतरचे दिवस

काटेरी कुंपणाची छाटणी करणाऱ्याला काटा कधी ना कधी रुततोच, आणि बहुतेक वेळा तो चिमट्याने काढून, हात साबणाने धुऊन आपण पुढच्या फांदीकडे वळतो. काही काटे मात्र महिनोन् महिने पुरतात. ज्यांनी असा काटा सोसला आहे त्यांनी जखम नेमकी कुठे झाली, निदान कसे झाले आणि बरे व्हायला किती काळ लागला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

बोगनवेलीची वाळकी फांदी ओढताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यावर काटा रुतला. तो मी लगेच उपसून काढला, रक्ताचा एक थेंब आला आणि दोन दिवसांत भोक मिटले. तीन आठवड्यांनी सकाळी बोट आखडू लागले आणि सांधा सुजला. प्रतिजैविकाच्या गोळ्या चालू असेपर्यंत सूज उतरे आणि थांबल्या की परत येई. असे दोनदा झाले. क्ष-किरण तपासणीत काहीच दिसले नाही, म्हणून तो संधिवात असावा असेही सांगण्यात आले. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारले, "काटा काढल्यावर त्याचे टोक शाबूत होते का, ते पाहिले होते का?" मी पाहिले नव्हते. सोनोग्राफीत सांध्यालगत एक बारीक पांढुरकी रेघ दिसली. धातू किंवा काच क्ष-किरणांत दिसते, पण लाकूड आणि काटा सहसा दिसत नाही, हे मला तेव्हा समजले. शस्त्रक्रियेत तांदळाच्या कणीएवढा काळपट तुकडा आणि त्याभोवती सुजलेले सांध्याचे अस्तर काढले. वनस्पतीचा तुकडा शरीरात विरघळत नाही, तो आत असेपर्यंत अस्तर धुमसत राहते. माझ्या गोळ्यांचा परिणाम म्हणूनच टिकत नव्हता. टाके निघाल्यावर मऊ चेंडू दाबण्याचे आणि बोट दुसऱ्या हाताने हळूहळू वाकवण्याचे व्यायाम रोज चार वेळा केले, तरी पूर्ण मूठ वळायला तीन महिने लागले.

*

आपल्याला तीन आठवडे मिळाले, मला एक रात्रही मिळाली नाही. तर्जनीच्या आतल्या बाजूला, पेराच्या रेषेवर, गुलाबाचा काटा गेला. तिथे त्वचेखाली लगेचच स्नायुबंधाचे वेष्टण असते. संध्याकाळपर्यंत बोट मुळापासून टोकापर्यंत सारखेच सुजले, आपोआप अर्धवट वाकलेले राहू लागले, आतल्या बाजूने कुठेही दाबले तरी दुखू लागले आणि ते सरळ करायला गेले की असह्य कळ येई. ही चार लक्षणे ॲलन कॅनाव्हेल या अमेरिकी शल्यविशारदांच्या नावाने ओळखली जातात आणि ती दिसल्यास सकाळची वाट पाहायची नसते, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून वेष्टण धुऊन काढले. धनुर्वाताची लसही दिली, कारण या रोगाचे बीजाणू मातीत असतात आणि माती लागलेल्या जखमेनंतर, शेवटच्या मात्रेला ५ वर्षे उलटली असतील तर, ती पुन्हा घ्यावी लागते. जखम दोन आठवड्यांत भरली, पण बोटाचा ताठरपणा जायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला.

*

माझ्या जखमेत ठणका नव्हता, म्हणून ती फसवी ठरली. गुलाबाचे कुंपण छाटल्यावर महिन्याभराने मनगटाजवळ एक लालसर गाठ आली, ती फुटून चिघळली आणि मग तिच्या वर, कोपराच्या दिशेने, एकापाठोपाठ एक अशा चार गाठी ओळीने उठल्या. काखेत अवधाण आले असावे असे समजून मी शेकत बसलो. पू होण्यावरच्या औषधांचा उपयोग होईना, तेव्हा गाठीचा तुकडा तपासणीसाठी पाठवला आणि त्यात स्पोरोथ्रिक्स ही बुरशी वाढली. ती माती, शेवाळ आणि कुजक्या पालापाचोळ्यात असते, काट्याच्या टोचणीवाटे आत शिरते आणि रसवाहिन्यांच्या मार्गाने वर सरकते. इट्राकोनाझोल पाच महिने घ्यावे लागले. दुसऱ्या महिन्यात गाठी बसू लागल्यावर औषध सोडण्याचा मोह झाला होता. ते सोडले नाही, याचे मला आजही समाधान वाटते.

*

निवडुंगाच्या बारीक कुसळांविषयी थोडेसे. ती चोळू नयेत, चोळल्याने ती मोडून आत जातात. चिकटपट्टी लावून ओढल्यावर माझी बरीचशी निघाली, उरलेली भिंगाखाली चिमट्याने एकेक करून काढली.

*

माझा अनुभव डोळ्याचा आहे आणि तो लिहिताना अजूनही हात थबकतो. दाबून धरलेली फांदी सुटली आणि तिचा काटा बुबुळावर ओरखडा काढून गेला. पाण्याने डोळा धुऊन मी घरातले जुने थेंब घातले. त्यांत स्टेरॉइड होते. वनस्पतीच्या इजेनंतर बुबुळात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि स्टेरॉइडने तो बळावतो. आठवड्याभरात बुबुळावर पांढरा डाग पडला. पहिले काही दिवस दिवसरात्र दर तासाला औषधाचे थेंब घालावे लागत, तेव्हा घरच्यांनी पाळ्या लावून मला उठवले. दृष्टी वाचली, पण डागाचा व्रण राहिला आहे आणि समोरून प्रकाश आला की त्या डोळ्याला सगळे धूसर दिसते. छाटणीला संरक्षक चष्मा लावायलाच हवा.

*

बाबांना मधुमेह आहे आणि पावलांना संवेदना कमी. छाटणीनंतर जमिनीवर पडलेला काटा चपलेच्या तळव्यातून त्यांच्या टाचेत गेला, आणि ते त्यांना कळलेच नाही. मोज्याला लागलेला पिवळा डाग आईने पाहिला तेव्हा आत पू झाला होता. जखम भरायला चार महिने लागले, त्यांतले बहुतेक दिवस पायावर भार द्यायचा नव्हता. आता बाबा रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे पाहतात आणि फांद्या गोळा झाल्याशिवाय कुंपणाकडे जात नाहीत.

*

पुन्हा छाटणी सुरू केली का, असे मला काहींनी विचारले आहे. होय, पाच महिन्यांनी केली. कापडी हातमोजे टाकून कोपरापर्यंतचे चामडी घेतले, आणि फांद्या हाताने ओढण्याऐवजी दाताळ्याने ओढते. तरीही गेल्या आठवड्यात अंगठ्याला एक काटा रुतला. तो काढून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि भिंगातून पाहिला. टोक शाबूत होते.