विषय: दोन अ‍ॅक्सलच्या कॅरव्हानला ब्रेक कंट्रोलर कोणता?

प्रेषक: निखिल

नमस्कार मंडळी,

कॅरव्हान ठरवली आहे. पाटीवर एटीएम (म्हणजे भरलेल्या कॅरव्हानचं जास्तीत जास्त एकूण वजन) २४०० किलो आणि जीटीएम २२०० किलो लिहिलं आहे. दोन अ‍ॅक्सल, चारही चाकांना १० इंची इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक. ओढायला डिझेल यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) आहे. तिला मागे १२ पिनांचं चपटं सॉकेट आहे, पण गाडीतून कॅरव्हानचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर नाही.

तीन प्रकार दिसतात. एक डॅशखाली डबा, दुसरा आत दडवलेलं युनिट आणि बाहेर फक्त नॉब, तिसरा कॅरव्हानवरच बसणारा ब्लूटूथवाला. यातला कोणता घ्यावा? ‘प्रपोर्शनल’ आणि ‘यूजर कंट्रोल्ड’ यांत नेमका फरक काय? आणि वायरिंग घरी करण्यासारखं आहे का?

---

प्रेषक: सुहास

निखिल,

पाटी आधी वाचलीस हे बरं केलंस. बरेच जण कंट्रोलर घेऊन मग पाटी शोधतात. ऑस्ट्रेलियातला नियम जीटीएमवर चालतो, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडलेला असताना त्याच्या चाकांवर येणाऱ्या वजनावर. ७५० किलोपर्यंत ब्रेक सक्तीचे नाहीत. त्यापुढे २००० पर्यंत किमान एका अ‍ॅक्सलला हवेत. २००० च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक आणि शिवाय ब्रेकअवे, म्हणजे कॅरव्हान सुटलीच तर ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत. तुझी २२०० ची आहे, तेव्हा कंट्रोलर हवा की नको हा प्रश्नच उरत नाही.

आता काम कसं चालतं ते बघ. पेडल दाबलं की स्टॉप लाइटच्या वायरवर १२ व्होल्ट येतात, ती कंट्रोलरला खूण. मग तो निळ्या वायरने ट्रेलरकडे करंट सोडतो. ड्रममधला मॅग्नेट फिरणाऱ्या ड्रमच्या सपाट भागाला चिकटायला जातो, ड्रमबरोबर ओढला जातो आणि त्याचा दांडा ब्रेक शू बाहेर ढकलतो. जेवढा करंट तेवढा ब्रेक. चाक फिरत नसेल तर मॅग्नेटला ओढणारं कोणी नाही, म्हणून उभी कॅरव्हान रोखायला हँडब्रेकची केबल वेगळी असते.

करंट किती सोडायचा हे ठरवण्याच्या दोन पद्धती. प्रपोर्शनलमध्ये डब्यातला सेन्सर गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय ते मोजतो आणि त्या मानाने करंट देतो. सिग्नलपाशी हळूच थांबलास तर कॅरव्हानही हळूच थांबते, करकचून दाबलंस तर तीही तशीच. यूजर कंट्रोल्डमध्ये पेडल हलकं दाब नाहीतर जोरात, नॉबवर ठरवलेला ब्रेकच मिळतो.

डांबरी रस्त्याला प्रपोर्शनल, यात वाद नाही. पण खडीच्या उतारावर, दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना, पेडल नुसतं टेकवून कॅरव्हानने मागून गाडी धरून ठेवायला हवी असते. तिथे वेग फारसा उतरत नाही, मग प्रपोर्शनलला वाटतं काही विशेष घडत नाहीये आणि तो गप्प राहतो. अशा ठिकाणी यूजर मोड लागतो. म्हणून दोन्ही मोड असलेला घे. रेडार्कच्या टो-प्रो एलीटमध्ये दोन्ही आहेत. टेकॉन्शाचा पी३ प्रपोर्शनल आहे, पण त्यात बूस्टच्या पायऱ्या आहेत, त्यामुळे पेडल टेकवताच सुरुवातीचा ब्रेक थोडा जास्त मिळतो. पडद्यावर व्होल्टेज आणि बिघाड दिसतो, ही त्याची खरी सोय.

डबा की नॉब हे मी गुडघ्यांवरून ठरवेन. डॅशखाली टणक डबा आणि समोर गुडघ्याची एअरबॅग, ही जोडी नको. मॅन्युअलचा खटका मात्र ड्रायव्हरला न वाकता हाताला आला पाहिजे. कॅरव्हान डुलायला लागली तर त्याच खटक्याने फक्त तिचे ब्रेक हलके लावायचे. पेडलवर पाय नाही, वेग वाढवायचा नाही, स्टिअरिंग सरळ.

– सुहास

---

प्रेषक: मेधा

निखिल, सुहासदादांचं सगळं बरोबर, पण कंट्रोलरपेक्षा वायर जास्त फसवते, म्हणून त्यावर लिहिते.

१० इंची ब्रेकचा एक मॅग्नेट १२ व्होल्टला साधारण ३ अँपिअर घेतो. तुझे चार, म्हणजे १२ अँपिअर. चारही समांतर जोडलेले, एकत्रित रोध जवळपास १ ओहम. कंट्रोलरपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत १२ मीटर धर, जाऊन-येऊन २४.

इथल्या दुकानात ‘६ एमएम’ म्हणून मिळणारी ऑटो केबल ६ चौरस मिलिमीटरची नसते. तो आकडा प्लॅस्टिकसकट बाहेरच्या व्यासाचा. आत तांबं साधारण ४.५ चौरस मिलिमीटर. ‘४ एमएम’मध्ये तर जेमतेम १.८. आता हिशेब कर. ६ एमएमने सगळा मार्ग केलास तर वायरचा रोध ०.०९ ओहम आणि पूर्ण ब्रेकला मॅग्नेटपर्यंत ११ व्होल्ट पोचतात. ४ एमएमने केलास तर ०.२२ ओहम, पोचतात ९.८. म्हणजे नॉब दहावर असला तरी मॅग्नेटला आठच. लोक मग गेन, म्हणजे नॉबवर ठरवलेला ब्रेकचा जोर, वाढवत बसतात आणि कंट्रोलरला नावं ठेवतात.

अर्थिंगची वायरही तेवढीच जाड हवी. परतीचा करंट चासीच्या गंजक्या बोल्टमधून पाठवू नकोस.

कंट्रोलरच्या चार वायरी: काळी बॅटरीकडून, पांढरी अर्थ, लाल स्टॉप लाइटच्या स्विचकडून, निळी ट्रेलरकडे. काळी थेट बॅटरीवरून आण, रेडिओच्या किंवा लायटरच्या सर्किटवरून नाही. बॅटरीजवळच सर्किट ब्रेकर लाव, चार ब्रेकना ३० अँपिअरचा (एका अ‍ॅक्सलला २० चालतो) आणि आपोआप पुन्हा जोडला जाणारा घे. साधा फ्यूज उडाला तर उतारावर ब्रेक गेलेलेच राहतील.

लाल वायरसाठी पेडल दाबल्यावरच १२ व्होल्ट येणारी बाजू मल्टिमीटरने शोध. नव्या गाड्यांत ती साधी तार नसून संगणकाच्या ताब्यातली असते. तिथे वायर टोचण्यापेक्षा त्या मॉडेलची तयार हार्नेस (प्लगसकट वायरींचा जुडगा) घेतलेली परवडते. सॉकेटमध्ये ब्रेकची पिन ५ नंबरची, निळी. कंपनीने बसवलेल्या सॉकेटात ती वायर पुष्कळदा डॅशमागे नुसती टेप गुंडाळून सोडलेली असते. सलगता तपासून बघ, ‘निळी आहे म्हणजे जोडलेली असेल’ असं धरू नकोस. जोड क्रिम्प करून वर हीटश्रिंक लाव. चावून बसणारे ते निळे क्लिप गाडीखाली वापरू नकोस, पाणी शिरून वर्षभरात हिरवे होतात.

– मेधा

---

प्रेषक: राजेंद्र

ब्लूटूथवाल्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तो ट्रेलरवर बसतो, त्यामुळे ओढणारी गाडी बदलत असेल तर गाडीत काहीच खोदावं लागत नाही. एकच ट्रेलर आणि तीन गाड्या असं गणित असेल तर तोच घ्यावा. उलट एक यूट आणि कॅरव्हान, घोड्यांचा ट्रेलर, टिपर असे तीन ट्रेलर असतील तर गाडीतला.

आणखी एक. पुढेमागे डिस्क ब्रेकची, म्हणजे इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिकची (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर तेलाच्या दाबाने ब्रेक लागतात तशी) कॅरव्हान घ्यायचा विचार असेल तर कंट्रोलर त्याला चालतो का हे आजच बघून घे. स्वस्तातले पुष्कळसे चालत नाहीत.

– राजेंद्र

---

प्रेषक: निखिल

सुहासकाका, मेधाताई, राजेंद्र, आभार. गाडी एकच, तेव्हा आत बसणारा, दोन्ही मोडचा घेतो. आता गेन किती ठेवायचा? आणि नवीन ब्रेक सुरुवातीला ढिले लागतात म्हणतात, ते खरं का?

---

प्रेषक: सुहास

खरं आहे. ब्रेक शूवरचा नवीन लायनर ड्रमवर पूर्ण टेकत नाही, तो घासून बसावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ६० च्या आसपास वेगातून ३० पर्यंत, मध्यम जोराने, असे वीस-तीस ब्रेक मार. मध्ये थोडं चालू दे, ड्रम तापून धूर नको. त्याआधी गेन लावत बसलास तर सगळं पुन्हा करावं लागेल.

गेन लावायला सपाट, कोरडा, रिकामा रस्ता, आणि कॅरव्हान प्रवासाला निघताना असेल तेवढीच भरलेली, पाण्याच्या टाकीसकट. वेग ४० च्या आसपास. मॅन्युअल खटका पूर्ण दाब आणि चाकं लॉक होतात का ते बघायला बाहेर माणूस उभा कर. लॉक झाली तर गेन कमी, नुसतं ओढल्यासारखं वाटलं तर जास्त. लॉक व्हायच्या किंचित अलीकडे थांब. मग पेडलने थांबून बघ: कॅरव्हान गाडीला मागून ढकलतेय असं वाटलं तर गेन कमी पडतोय, वाढव; धक्का देऊन मागे खेचतेय असं वाटलं तर जास्त झालाय, उतरव. ‘माझा ६ वर असतो’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून दे. त्याचं वजन वेगळं, वायर वेगळी. रिकामी परत आणताना गेन कमी करायचा, विसरायचं नाही. भरलेल्या कॅरव्हानचा गेन रिकाम्या चाकांना लॉक करतो.

काही सेन्सर ठरावीक कोनातच बसवावे लागतात, काही सुरुवातीचे काही ब्रेक मारेपर्यंत दिशा स्वतः शिकतात. दोन्ही बाबतीत डबा घट्ट हवा. दुहेरी टेपवर लोंबकळणारा सेन्सर खड्ड्यालाच ब्रेक समजतो.

ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट साधारण ३०० किलोमीटरनंतर एकदा, पुढे दर ५००० ला. चाक जॅकवर घे, मागच्या पत्र्याच्या फटीतून दातेरी चाक फिरवत जा, कॅरव्हानचं चाक पुढच्याच दिशेने फिरव. फिरवणं अगदी जड झालं की उलट फिरवून हलकी घासर राहील इतपत सोड. शू ढिले असतील तर कोणताही कंट्रोलर ते भरून काढत नाही.

– सुहास

---

प्रेषक: मेधा

एक भर: निळ्या वायरमध्ये अँपिअर मीटर लावून खटका दाब. १२ च्या जवळ यायला हवेत. ९ दिसले तर एक मॅग्नेट उपाशी आहे, ६ दिसले तर बहुतेक एक अख्खा अ‍ॅक्सल. कंट्रोलर शॉर्ट दाखवत असेल तर आधी अ‍ॅक्सलच्या नळीतून जाणारी वायर तपास, ती आत घासून सोलली जाते. चारही चालू असून एकच चाक लॉक होत असेल तर बाकीच्या ड्रममध्ये ग्रीस गेलंय का ते बघ. हबची सील फुटली की लायनर तेलकट होतो, आणि तो धुऊन उपयोग नाही, बदलावा लागतो.

ब्रेकअवेची तपासणी करताना त्याच्या स्विचची पिन (कॅरव्हान सुटली की दोरीने ओढली जाते ती) ओढण्याआधी १२ पिनांचा प्लग गाडीतून काढ. नाहीतर ब्रेकअवेच्या बॅटरीचा करंट निळ्या वायरने उलटा कंट्रोलरमध्ये शिरतो आणि तो जळू शकतो. ब्रेकअवेची दोरी गाडीच्या पक्क्या भागाला वेगळी बांध, टोबॉलला (कॅरव्हान अडकवायच्या गोळ्याला) नाही. कपलिंग टोबॉलसकट निखळलं तर दोरीही त्याच्याचबरोबर जाईल, आणि पिन जागची हलणार नाही.

– मेधा