स्टिल्टमध्ये रिव्हर्स पार्किंग: जमिनीवर खुणा नेमक्या कुठे माराव्यात, आणि कॅमेऱ्यावर किती विसंबावं?

खांबामागची_जागा

सोसायटीत स्टिल्टखाली (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) जागा मिळाली आहे. रुंदी २.५ मी, खोली ५ मी. तोंडाशी दोन्ही बाजूंना खांब, मागे भिंत. भिंतीवर साधारण अडीच फुटांवर ड्रेनेजचा आडवा पाइप, पाच इंच पुढे आलेला. समोरच्या दुचाक्या सोडून ड्राइव्हवे ५.५ मी. गाडी चार मीटरच्या आतली हॅचबॅक. कॅमेरा बाहेरून बसवलेला, नंबरप्लेटच्या दिव्याशेजारी, म्हणजे मध्यापासून थोडा डावीकडे. घरात दोघं गाडी चालवतात आणि दोघांच्या उंचीत बराच फरक आहे.

जमिनीवर पट्टे मारून दर वेळी एकाच कटात, म्हणजे पुन्हा पुढे-मागे न करता, गाडी लावता येईल का? सुरुवातीची खूण कशी काढायची? आणि कॅमेऱ्यातल्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा माझ्या जागेशी जुळतच नाहीत, त्याचं काय करायचं?

---

गुण्या_ओळंबा

एका कटात येईल. फक्त खुणा अंदाजाने आत जाताना काढू नका, बाहेर निघताना काढा. स्टिअरिंग एकाच लॉकला (एका बाजूला शेवटपर्यंत फिरवून) धरलं तर गाडी पुढे जाताना आणि मागे येताना त्याच चाकोरीतून जाते. म्हणून आधी गाडी हवी तशी लावून घ्या, कितीही कट मारावे लागले तरी चालेल, आणि मग ती चाकोरी जमिनीवर उतरवा.

पण "हवी तशी" म्हणजे जागेच्या मधोमध नव्हे. गाडी १.७५ मी रुंद धरली तर दोन्ही बाजू मिळून ७५ सेंमी उरतात. मधोमध लावली तर ड्रायव्हरला दारातून तिरकं निघावं लागेल. डावीकडे २०, उजवीकडे ५५ ठेवा, बाकीच्यांना आधीच उतरवा. आरसे दुमडूनच ही मापं घ्या.

ड्राइव्हवेत दोन्ही दिशांनी येता येत असेल तर जागा आपल्या उजव्या हाताला राहील असे या. वळणाच्या आतला खांब मग ड्रायव्हरच्या बाजूला येतो आणि तो खिडकीतून थेट दिसतो. डाव्या बाजूचा खांब फक्त आरशात दिसतो.

आता क्रम. गाडी लावलेली आहे. सरळ पुढे या, मागचं चाक जागेच्या तोंडापासून अर्धा मीटर आत असताना थांबा. तिथे मागच्या चाकाच्या मध्याशी जमिनीवर मास्किंग टेप चिकटवा, ही खूण नं. २. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण लॉक करा आणि गाडी ड्राइव्हवेला समांतर होईपर्यंत हळू पुढे न्या. थांबलात की उजव्या आरशाच्या खालच्या टोकाखाली ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडून टेप लावा. ही खूण नं. १, म्हणजे रोजची सुरुवात.

आत येताना: खूण १ वर थांबा, उजवीकडे पूर्ण लॉक, मागे. गाडी जागेला समांतर झाली की (मागचं चाक तेव्हा खूण २ वर असेल) स्टिअरिंग सरळ, आणि मग नुसतं मागे.

पडताळ्यासाठी आकडे देतो. वळणत्रिज्या ५ मी आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २.५ मी असेल तर सुरुवातीला मागचा ॲक्सल (मागच्या चाकांचा आस), गाडी शेवटी जिथे उभी राहणार त्या मध्यरेषेच्या सुमारे साडेतीन मीटर पुढे असायला हवा. तुमची खूण याच्या फुटभर आसपास आली नाही तर लॉक पूर्ण केला नव्हता असं समजा.

जपायचं ते पुढच्या डाव्या कोपऱ्याला. पूर्ण लॉकला तो गाडीच्या बाजूच्या रेषेपासून १.१ मीटरच्या आसपास बाहेर झुकतो. नजर कॅमेऱ्यात असते आणि तिकडे समोरच्या स्कूटरचा आरसा जातो. तुमच्या ५.५ मीटरमध्ये मागचं चाक अर्धा मीटर आत ठेवून वळलं तर समोर ४०-४५ सेंमी उरतात. ड्राइव्हवे ४.५ मी असता तर एका कटाचा हट्ट सोडा असंच सांगितलं असतं.

---

लेन्स_पुसा

वरच्या पद्धतीत कॅमेऱ्याचं काम खूण २ नंतर सुरू होतं. त्याआधी मागे बघायला तो हवाच, पण दिशा ठरवायला नको.

रेषा न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा बसवणीत असतं. सपाट जमिनीवर बंपरपासून ०.५, १ आणि २ मीटरवर आडव्या टेप लावा आणि स्क्रीनवर बघा. टेप तिरक्या दिसल्या तर कॅमेरा स्वतःभोवती फिरला आहे, मागचा नट सैल करून सरळ करा. टेप सरळ आहेत पण रेषांच्या पुढे-मागे पडतात तर कॅमेऱ्याचा वर-खाली कोन चुकला आहे. दोन्ही ठीक आणि तरी सगळं एका बाजूला सरकलेलं, तर ते मध्यावर नसल्यामुळे. कंपनीचा कॅमेरा मध्यावर नसला तरी त्याच्या रेषा त्या हिशेबाने आखलेल्या असतात, बाहेरून बसवलेल्याच्या नसतात. बाजारातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना दोन छोट्या लूप वायर असतात. एक कापली की रेषा जातात, दुसरी कापली की चित्र उलटं-सुलटं होतं. रंग मॉडेलगणिक बदलतात, सोबतचा कागद बघूनच कात्री लावा. तुमच्या बाबतीत रेषा काढूनच टाका आणि जमिनीवर स्वतःची मारा.

ती अशी. गाडी नीट लावलेली असताना कॅमेऱ्याच्या भिंगाखाली ओळंबा सोडा. त्या बिंदूतून खांबांना समांतर एक सरळ रेषा भिंतीपर्यंत न्या आणि तशीच भिंतीवर मीटरभर वर चढवा. मागे येताना जमिनीवरची आणि भिंतीवरची रेषा मिळून स्क्रीनच्या मधोमध एकच उभी काडी दिसली तर गाडी सरळ आणि जागेवर आहे. काडी भिंतीच्या पायथ्याशी मोडलेली दिसली तर गाडी बाजूला सरकलेली आहे. काडी अखंड, पण खालचं टोक मध्यावर आणि वरचं कललेलं असेल तर गाडी तिरकी आहे. हे दोन दोष वेगळे दिसणं हाच या रेषेचा उपयोग. मध्याची रेषा बाजूच्या पट्ट्यांपेक्षा जास्त कामाची, कारण वाइड अँगलमध्ये कडा वाकतात, मध्य वाकत नाही.

पाइपबद्दल: कॅमेऱ्याच्या रेषा जमिनीवरच्या अंतराच्या असतात. हवेतली वस्तू स्क्रीनवर वर दिसते, म्हणून आहे त्यापेक्षा लांब वाटते. सेन्सरवरही सोडू नका. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, पण बारीक गोल पाइप त्यांना हमखास दिसेलच असं नाही. थांबायचं माप पाइपच्या पुढच्या कडेपासून घ्या, भिंतीपासून नव्हे.

---

खांबामागची_जागा

धन्यवाद, टेप आणतो. एक राहिलं: जागेची फरशी पाणी वाहून जावं म्हणून ड्राइव्हवेकडे उतरती आहे. त्याने कॅमेऱ्यात फरक पडेल? आणि व्हील स्टॉपर (चाक अडवणारा ठोकळा) ठोकू का? खाली बेसमेंट आहे.

---

लेन्स_पुसा

पडेल. मागची जमीन चढती असली की भिंत आहे त्यापेक्षा लांब दिसते. चारही चाकं त्याच उतारावर आली की हा फरक जातो. म्हणजे शेवटच्या काही फुटांतच चित्र खरं, त्याआधीचं फसवं.

---

पोडियमवाला

खाली बेसमेंट असेल तर भोक पाडू नका. वॉटरप्रूफिंग फुटतं, आणि स्लॅब पोस्ट-टेन्शन असेल तर आतल्या ताणलेल्या केबलला ड्रिल लागणं धोक्याचं आहे. रबरी स्टॉपर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने चिकटवा. आधी जागा तारेच्या ब्रशने घासा, धूळ पूर्ण काढा, चिकटवल्यावर दोन-तीन दिवस चाक लावू नका.

जागा ठरवताना मागच्या टायरच्या मागच्या कडेपासून बंपरपर्यंतचं अंतर मोजा, त्यात पाइपपासून हवी ती मोकळीक मिळवा. ३० सेंमी पुरतात, पण डिकी तिथेच उघडायची असेल तर डिकी उघडून प्रत्यक्ष मोजा. तुमची खोली ५ मी, पाइपचे पाच इंच वजा करून आणि ४ मीटरची गाडी धरून पाऊण मीटरहून थोडं जास्त हातात आहे, कंजुषी नको. स्टॉपर म्हणजे ब्रेक नव्हे. ऑटोमॅटिक गाडी जरा ॲक्सिलरेटर दिला की सहज वर चढते.

खूण १ सामायिक ड्राइव्हवेत येते, तेव्हा कमिटीला विचारून तळहाताएवढा ठिपकाच मारा. लांब पट्टा मारलात की शेजारी त्याला स्वतःची हद्द समजतो. दोघांच्या उंचीचा प्रश्नही तिथेच येतो. सीटवरून आरसा आणि ठिपका जुळवला तर प्रत्येकाला वेगळी जागा दिसेल. ओळंब्याने काढलेल्या खुणेवर आधी आरसा बरोबर आणा, मग आपापल्या सीटवरून ठिपका दाराच्या कुठल्या भागाशी दिसतो ते एकदा बघून ठेवा.

---

रंगारी_नाही_पण

रंगाची घाई करू नका. आठवडाभर टेपवरच चालवा, खुणा हमखास थोड्या सरकतात.

पक्कं करताना रोड मार्किंग पेंट घ्या, डब्यावर आयएस १६४ (अशा रंगाचं भारतीय मानक) बघा. साधा ऑइल पेंट टायरला चिकटून सोलतो. दोन बाजूचे पट्टे आणि मध्यरेषा, तीन इंच रुंदीने, दोन हात: अर्धा लिटर पुरतो. तेलाचे डाग आधी डिटर्जंटने धुवा, जमीन पूर्ण वाळू द्या. पहिला हात थोडा पातळ. टेप रंग ओलसर असतानाच काढा, नाहीतर कड फाटते. बाजूचे पट्टे टायरपासून चार इंच बाहेर ठेवा. गरम टायर रंगावर उभा राहिला की रंग उचलतो, आणि उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं की घासून जातो. म्हणून खूण १ सुद्धा पुढच्या चाकाखाली येत नाही ना, बघा.

पांढऱ्यापेक्षा पिवळा, आणि मॅट. स्टिल्टच्या ट्यूबलाइटखाली चकचकीत पांढरा पट्टा कॅमेऱ्यात फुटतो. कोटा किंवा टाइल्स असतील तर रंग टिकत नाही, तिथे फ्लोअर मार्किंग टेपच बरी. पावसाळ्यात भिंगावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने चरे पडतात. भिंगाच्या आतून धुकं दिसायला लागलं तर सील गेलं आहे, पुसून काही होणार नाही, कॅमेरा बदला.