'वॉल'ला मराठीत काय म्हणायचं? भिंत, तट की आणखी काही?

अर्धविराम
पुण्यात पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढती नव्याने खेळू लागलेल्या शाळकरी मुलांसाठी मराठीत टिपणं तयार होताहेत. त्यात 'वॉल'साठी 'भिंत' लिहिलं, तर मुलं त्याचा अर्थ रिफ्लेक्ट आणि लाइट स्क्रीन या मारा कमी करणाऱ्या चाली असा घेताहेत. त्यांचं वाचन तर्काला धरून आहे. रिफ्लेक्ट टाकलं की सिंगल्समध्ये, म्हणजे एकास एक लढतीत, फिजिकल मारा (दुसरा प्रकार स्पेशल) 5 फेऱ्या निम्मा होतो, टाकणाऱ्याने लाइट क्ले ही वस्तू धरली असेल तर 8 फेऱ्या. ती खरोखरच उभारलेली भिंत आहे. मला सांगायचाय तो ब्लिसी, स्कार्मरी, टॉक्सापेक्ससारखा प्राणी, जो समोरच्याचा मारा घेत मैदानात टिकून राहतो. 'वॉल', 'टँक' आणि 'स्टॉल' या तिघांना तीन वेगळे शब्द हवेत. सुचवा.

पेठकरी
'तट' घ्या. भिंत घराला असते, तट किल्ल्याला. शनिवारवाड्याचा तट, त्याचे नऊ बुरूज आणि पाच दरवाजे पुण्यातल्या मुलांनी पाहिलेले असतात, त्यामुळे अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. प्राण्याला 'तटरक्षक', टँकला 'रणगाडा', स्टॉलला 'कालहरण'. शब्द वापरल्याने रुळतात. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हा तोही कानाला नवाच होता.

मुठेकाठ
पेठकरी, 'तटरक्षक' म्हणजे कोस्ट गार्ड. तो शब्द वर्तमानपत्रांत रोज छापून येतो, मुलांच्या डोळ्यांसमोर जहाज उभं राहील. आणि 'वॉल' परका म्हणून टाळायचा असेल, तर 'बुरूज' आणि 'किल्ला' दोन्ही अरबीतून आलेत.

पेठकरी
बुरूज तीन-चारशे वर्षं आपल्या तोंडात आहे, तो आता परका राहिलेला नाही. 'वॉल' कालचा. मुद्दा मुळाचा नाही, मुरण्याचा आहे.

सोळांश
शब्दाआधी काम पाहा, नाहीतर तिन्ही शब्द एकमेकांत मिसळतील.

वॉलला तीन गोष्टी लागतात. ठरावीक मारा झेलता आला पाहिजे, झेललेलं भरून काढता आलं पाहिजे आणि समोरच्याला फुकट फेरी मिळू देता कामा नये. तिसरी गोष्ट नसेल तर गडी कितीही जाड असो, समोरचा त्याच्यापुढे निवांत सोर्ड्स डान्स करून आपला मारा वाढवतो आणि पुढच्या दोन फेऱ्यांत संघ संपतो. म्हणून वॉलकडे टॉक्सिक (विष), विल-ओ-विस्प (भाजणं), व्हर्लविंड (हाकलणं) किंवा सायझ्मिक टॉस यांपैकी काहीतरी असतंच. सायझ्मिक टॉस लेव्हलइतकंच नुकसान करतो, लेव्हल 100 ला सरळ 100. ब्लिसीचा अटॅक 10 असला तरी त्याने काही बिघडत नाही.

टँक वेगळा. तो एक-दोन फटके सोसतो आणि तेवढ्यात जोरदार मारून मोकळा होतो. असॉल्ट व्हेस्ट घातलेला रिलाबूम हे ठळक उदाहरण. व्हेस्टने स्पेशल डिफेन्स दीडपट होतो, पण नुकसान न करणाऱ्या चाली निवडताच येत नाहीत. म्हणजे प्रोटेक्टने मारा अडवणं नाही, रिकव्हरसारख्या चालीने भरून काढणं नाही. तो टिकायला आलेलाच नसतो. त्याला 'रणगाडा' म्हणायला माझी हरकत नाही.

स्टॉल हा प्राणी नाही, तो अख्ख्या संघाचा डाव आहे. वॉल एखादा असला तरी संघ स्टॉल होत नाही.

शब्दवेडी
सोळांश, ईव्ही (सरावाने मिळणारे, आपण वाटायचे गुण) वाटणीचंही लिहा ना. 'जाड' या शब्दात नेमकं काय धरायचं ते त्यावरून ठरेल. एचपी (अंगातला जीव) जास्त म्हणजे जाड की डिफेन्स जास्त म्हणजे जाड?

सोळांश
दोन्हींचा गुणाकार म्हणजे जाड. फिजिकल मारा किती झेलणार ते एचपी गुणिले डिफेन्सवर ठरतं, स्पेशल मारा एचपी गुणिले स्पेशल डिफेन्सवर. गुणाकारातला जो आकडा लहान असेल तिथे ईव्ही टाकले की जास्त मिळतं.

ब्लिसीचा मूळ एचपी 255, डिफेन्स 10, स्पेशल डिफेन्स 135. लेव्हल 100, आयव्ही (जन्मजात गुण) 31 धरून ईव्ही न देता एचपी 651 आणि डिफेन्स 56 भरतो. 252 ईव्ही एचपीत टाकले तर 651 चे 714 होतात, दहा टक्केही वाढ नाही. तेच 252 डिफेन्समध्ये टाकले तर 56 चे 119 होतात, डिफेन्स वाढवणाऱ्या बोल्ड नेचरने (स्वभावाने) 130. फिजिकल बाजू दुपटीहून जास्त सुधारली.

टॉक्सापेक्सचं उलटं. मूळ एचपी 50, डिफेन्स 152, स्पेशल डिफेन्स 142. एचपीतले 252 ईव्ही 241 चे 304 करतात, म्हणजे 26 टक्के, आणि ही वाढ दोन्ही प्रकारच्या माऱ्याला लागू. डिफेन्समधले 252 मात्र 340 चे 403 करतात, साडेअठरा टक्के आणि तेही एकाच बाजूला. तिथे आधी एचपी भरायचा. 304 ला 16 ने पूर्ण भागही जातो, त्यामुळे लेफ्टओव्हर्स ही धरायची वस्तू दर फेरीला बरोबर 19 परत देते. एकूण ईव्ही 510, एका ठिकाणी 252 च्या वर नाही, त्यामुळे दोनच जागा पूर्ण भरतात. नवशिके एचपी, डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स तिघांत सारखे वाटून टाकतात. मग ज्या एका फटक्यासाठी गडी संघात घेतला तोच दुसऱ्यांदा झेलवत नाही.

नुकसानाच्या कॅल्क्युलेटरमध्ये पाहताना सरासरी धरू नका. नुकसान 85 ते 100 टक्क्यांमधल्या 16 आकड्यांपैकी कुठलाही एक येतो. वरचा आकडा 50 टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, कारण रिकव्हर, रूस्ट, सॉफ्ट-बॉइल्ड निम्मंच भरतात. त्यात मैदानात येताना स्टेल्थ रॉकने (आत येणाऱ्याला लागणारे खडक) जाणारं धरा: साध्या प्रकाराला आठवा हिस्सा, दुप्पट लागत असेल तर चतुर्थांश, चौपट असेल तर निम्मा.

आणि क्रिट, म्हणजे नशिबाने जास्त लागणारा फटका. खेळाच्या सातव्या पिढीपासून साध्या चालीला दर फटक्यामागे 24 त 1. आठ फटक्यांत निदान एक क्रिट बसण्याची शक्यता 29 टक्क्यांच्या आसपास जाते. क्रिट दीडपट लागतो, तुमचा वाढवलेला डिफेन्स मोजत नाही आणि रिफ्लेक्टही मोजत नाही. म्हणून 45 टक्के नुकसान करणाऱ्यासमोर 'दरवेळी 50 भरतोय' या भरवशावर बसून राहणं धोक्याचं.

मुठेकाठ
हे वाचल्यावर 'तट' आणखीच पटत नाही. तट सगळ्यांना सारखा अडवतो. ब्लिसी स्पेशल माऱ्याला दाद देत नाही, पण क्लोज कॉम्बॅटसारख्या फिजिकल चालीखाली आडवी होते. सायशॉक ही चाल स्पेशल असून डिफेन्सवर मोजली जाते, तिथेही तिचं अवघड होतं. कोणाला अडवायचं हे आधी ठरवून ठेवलेला गडी आहे हा.

कांजी
आपण इंग्रजी शब्दाचं भाषांतर करत बसलोय. खेळ जपानी आहे, तिथले खेळाडू काय म्हणतात ते पाहा. ते अशा प्राण्याला भिंत म्हणत नाहीत, 'उके' म्हणतात. 'उकेरु' म्हणजे घेणं, झेलणं. दोन-चार उके आलटून पालटून मैदानात आणायचे आणि समोरचा प्रत्येक मारा योग्य त्या गड्यावर घ्यायचा, अशा संघाला ते 'उके लूप' म्हणतात. आणि 'काबे', म्हणजे भिंत, हा शब्द तिथे रिफ्लेक्ट-लाइट स्क्रीनसाठीच ठेवलाय. अर्धविराम, तुमची मुलं जपानी खेळाडूंसारखंच वाचताहेत.

मराठीत 'वार झेलणे' आहेच. 'झेलगडी' म्हणा. गडी हा आपल्या मैदानी खेळांतला शब्द, 'गडी बाद' सगळ्यांना कळतं.

पेठकरी
'झेल' म्हटलं की चेंडूच आठवणार.

कांजी
नुसतं 'झेल' म्हटलं तर आठवेल. 'वार झेलला' म्हटल्यावर कोणी चेंडू शोधत नाही.

हुतुतू
क्रिकेटचंच घ्यायचं तर 'एक बाजू लावून धरणे' आहे की. क्रीडापानावर शंभरदा येतं. नाहीतर सरळ 'बचावपटू'.

शब्दवेडी
'बचावपटू' फुटबॉलमध्ये जागा सांगतो. इथे जागा नाही, काम आहे. आणि एक बाजू लावून धरणारा फलंदाज खेळपट्टी सोडत नाही. वॉल तर सारखा आत-बाहेर करतो. टॉक्सापेक्सची रीजनरेटर क्षमता बाहेर जातानाच कामी येते, एकतृतीयांश एचपी परत. 304 पैकी 101. ज्याला बाहेर जाऊनच भरून मिळतं त्याला 'लावून धरतो' कसं म्हणायचं?

मला खो-खो जवळचा वाटतो. त्याचे नियम 1914 मध्ये पुण्यातच डेक्कन जिमखान्याने बांधायला घेतले. खो-खोत बचाव करणाऱ्याची कामगिरी वेळात मोजतात: अमुकने इतकी मिनिटं, इतके सेकंद संरक्षण केलं. टिकून राहणं हीच कमाई धरणारा दुसरा देशी खेळ मला दिसत नाही. स्टॉलला 'पळती' म्हणून पाहा.

हुतुतू
पळती कसली? तिथे गडी हुलकावण्या देऊन मारा चुकवतो, इथे अंगावर घेतो. पोकेमॉनमधली पळती म्हणजे डबल टीमने इव्हेजन (मारा चुकण्याची शक्यता) वाढवत बसणं, आणि स्मोगॉन या खेळाडूंच्या संकेतस्थळाच्या नियमांत त्यावर बंदी आहे.

आणि स्टॉलला शब्द शोधायची गरजच नाही. 'रडीचा डाव' आहे.

सोळांश
हे मान्य नाही, आणि शब्दार्थानेही चुकीचं आहे. रडीचा डाव म्हणजे नियम मोडून किंवा हरायला लागल्यावर नियम फिरवून खेळणं. स्टॉल नियमांत राहून खेळला जातो आणि त्याला तोड आहे. टॉन्ट लावला की 3 फेऱ्या भरून काढणं बंद. ट्रिकने चॉइस स्कार्फ गळ्यात मारला की ब्लिसी एकाच चालीत अडकते. नॉक ऑफने लेफ्टओव्हर्स जातात. मॅग्नेटझोन मॅग्नेट पुल क्षमतेने स्कार्मरीला बाहेर जाऊ देत नाही. गोल्डेंगोवर तर टॉक्सिकही चालत नाही आणि डिफॉगही (मैदान साफ करणारी चाल), कारण त्याची क्षमता दुसऱ्याच्या स्टेटस चाली लागूच देत नाही. एवढी हत्यारं असताना संघात एकही घ्यायचं नाही आणि हरल्यावर 'रडी' म्हणायचं, हा त्या खेळाडूंवर अन्याय आहे.

2022 च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये तर रिकव्हर, रूस्ट, सॉफ्ट-बॉइल्डचे पीपी (चाल किती वेळा वापरता येते तो आकडा) 10 वरून 5 केले. वाढवून पूर्वी 16 व्हायचे, आता 8. म्हणजे अख्ख्या लढतीत आठदा निम्मं, एवढंच भरून काढता येतं. आता स्टॉल खेळणाऱ्याला प्रत्येक रिकव्हर मोजून वापरावा लागतो. समोरच्याची कुठली चाल किती उरली तेही लक्षात ठेवावं लागतं: हायड्रो पंप 8, अर्थक्वेक 16.

हुतुतू
नियमांत बसतं म्हणून बघायला बरं वाटतं असं नाही. शंभर फेऱ्यांची लढत म्हणजे 'वेळकाढूपणा'च. हा शब्द तरी मराठीत सगळ्यांना कळतो.

शब्दवेडी
वेळकाढूपणा घड्याळाशी जोडलेला आहे. मुद्दाम उशिरा चाल देऊन समोरच्याला चिडवणं, त्याला वेळकाढूपणा म्हणा. स्टॉल खेळणारा दोन सेकंदांत चाल देत असेल तरी फेऱ्या वाढतातच. मला 'दमवणे' योग्य वाटतं. तालमीत 'दमवून चीत केला' म्हणतात तो अर्थ इथे तंतोतंत लागतो: समोरच्याचे पीपी संपले की त्याला स्ट्रगल ही एकच चाल उरते आणि दरवेळी स्वतःचाच चौथा हिस्सा एचपी जातो. टॉक्सिकही तेच करतं. सोळावा हिस्सा, मग दोन, मग तीन असं वाढत पाच फेऱ्यांत सोळापैकी पंधरा हिस्से जातात, सहाव्या फेरीत गडी पडतो. बाहेर जाऊन आला तर मोजणी पुन्हा एकपासून.

पेठकरी
'दमवणी' चालेल. मात्र 'खिंड लढवणे'ही नोंदवून ठेवा. संघातला एक गडी उभा राहून बाकीच्यांना वाचवतो, याला त्याहून चांगला वाक्प्रचार मराठीत नाही.

कांजी
तो वॉलला लागत नाही. 1660 मध्ये बाजीप्रभूंनी खिंड लढवली ती महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत, आणि त्यात देह ठेवला. वॉल पडला तर संघ उघडा पडतो, त्याने जगायचंच असतं. खिंड लढवतो तो वेगळा गडी: ज्याचं काम झालंय आणि जो मुद्दाम पडू दिला जातो, म्हणजे त्याच्या जागी येणाऱ्याला एकही फटका न खाता मैदानात येता येतं. त्यासाठी वापरा, तिथे शोभेल.

मुठेकाठ
सगळी चर्चा सिंगल्सची झाली. व्हीजीसीत, म्हणजे अधिकृत डबल्स स्पर्धांत, दोन-दोन गडी समोरासमोर, सहापैकी चारच न्यायचे, लेव्हल 50. तिथे दोन्ही शत्रू एकावरच तुटून पडतात, त्यामुळे ब्लिसीसारखा झेलगडी फारसा उरत नाही. तिथे अमूंगस लागतो, जो रेज पावडरने शेजाऱ्यावरचा मारा स्वतःवर ओढतो. गवत प्रकाराच्या प्राण्यांवर आणि सेफ्टी गॉगल्स घातलेल्यांवर ते चालत नाही, हे टिपणात लिहाच. त्याला 'आड येणारा' म्हणता येईल. लेव्हल 50 ला ईव्हीही वेगळे मोजावे लागतात: आयव्ही 31 असेल तर पहिला गुण 4 ला, पुढचे प्रत्येकी 8 ला. 252 दिले की 32 गुण.

अर्धविराम
'झेलगडी' आणि 'दमवणी' मुलांना वाचायला देतो. 'टँक'ला रणगाडा ठेवला. आता दुसरी अडचण: 'स्पाइक्स'ला, म्हणजे आत येणाऱ्याच्या पायाला टोचणाऱ्या चालीला, 'खिळे' लिहिलंय. चालेल?

कांजी
खिळे नको. मूळ जपानी नाव 'माकिबिशी'. त्यातलं 'हिशी' म्हणजे शिंगाडा. काटेरी शिंगाडे वाटेत विखरून पाठलाग करणाऱ्याचे पाय फोडायचे, ही कल्पना.

शब्दवेडी
मग मराठीत 'सराटे'! माळरानावर अनवाणी चालणाऱ्याला सराटा सांगावा लागत नाही. कसाही पडला तरी एक काटा वरच. लोखंडी सराट्यांना 'गोखरू' म्हणतात, आणि गोखरू हे त्याच वनस्पतीचं नाव.

पेठकरी
सराटे. पहिल्यांदाच आपलं एकमत होतंय. 'टॉक्सिक स्पाइक्स'साठी 'विषारी सराटे'ही आपसूक मिळाले. पण सराटे 'पसरायचे' की 'पेरायचे'? सुरुंग पेरतात.

सोळांश
पेरायचे. पसरणं एकदाच होतं, हे तीनदा करता येतं. एका थराला आठवा हिस्सा, दोन थरांना सहावा, तीन थरांना चतुर्थांश. उडणारे आणि लेव्हिटेट (तरंगण्याच्या) क्षमतेवाले यांना लागत नाहीत, हेवी-ड्यूटी बूट्स घातलेल्यांनाही नाही. विषारी सराट्यांचे थर मात्र दोनच. एका थराने साधं विष, दोन थरांनी टॉक्सिकवालं. जमिनीवरचा विष प्रकाराचा प्राणी आत आला की ते उचलले जातात.

पेठकरी
थर आहेत तर 'पेरणे' कसं? थर 'देतात' किंवा 'चढवतात'.

हुतुतू
सराट्यांचा थर कोणी देत नाही. 'टाकतात' म्हणा, सरळ आहे.