'जू डौ' : रंग की रंगरंगोटी?

रीळवाला : काल इथे कुणीतरी लिहून गेलं, "चिनी दिग्दर्शक झांग यिमोचे सुरुवातीचे सिनेमे म्हणजे परदेशी महोत्सवांसाठी छापलेली कॅलेंडरं." डोकं फिरलं. त्याचा 'जू डौ' (१९९०) नीट बघा की! म्हातारा रंगारी बायकोला छळतो, ती त्याच्या पुतण्याकडे ओढली जाते. दोघं जवळ येतात तेव्हा तिच्या पायाचा धक्का लागतो आणि वर टांगलेला लाल तागा सरसर हौदात उतरतो. पुढे म्हातारा लाल रंगाच्याच हौदात बुडतो, आणि तिला पुतण्यापासून झालेलं पोर हसतं. हे कॅलेंडर?

मधलीआळी : मीच म्हटलं होतं. लिऊ हंगच्या मूळ कथेत रंगाचा कारखानाच नाही, साधी शेतकरी माणसं आहेत. झांगच्याच १९९१च्या 'रेज द रेड लँटर्न'मधले लाल कंदीलही सू तोंगच्या कादंबरिकेत नाहीत. सगळी सजावट दिग्दर्शकाच्या पदरची!

येवलेकर : आमचे आजोबा रंगारी. एवढ्या उंचावर, भर उन्हात ओलं कापड कोण टांगतं? रंग उडेल की! आजोबा रंग पक्का बसवणारं तुरटीचं पाणी जिभेवर ठेवून त्याचा जोर बघायचे. इथे नुसतं बुडवलं की झालं लालभडक.

रीळवाला : तुरटीचा तास नको. आणि मधलीआळी, 'परदेशासाठी' म्हणता, तर चीनने १९९२पर्यंत 'जू डौ'वर बंदी कशाला घातली?

मधलीआळी : बंदी आली म्हणून सिनेमा थोर होत नाही. आपल्याकडे कशावरही येते.

येवलेकर : तास नको कसा? धंदा दाखवायचा तर नीट दाखवा. हात बघा त्यांचे, नखांत रंग नाही. आजोबांची नखं मरेपर्यंत निळी होती.

सुमाताई : पुरुषमंडळी, हौदातून बाहेर या. पुतण्या भिंतीच्या भोकातून तिला अंघोळ करताना बघतो. तिला ते कळतं. एके दिवशी ती वळून अंगावरचे वळ दाखवते. त्याची नजर खाली जाते. आमच्या वाड्यात न्हाणीच्या दाराला फट होती. आई तिथे ओलं लुगडं टांगायची. कोण बघतो हे सगळ्या घराला माहीत होतं, बोललं कुणी नाही. त्या प्रसंगात कुठे आहे तुमचा लाल रंग?

मधलीआळी : बरं, तो प्रसंग सोडला. बाकी कॅलेंडरच.

रीळवाला : उपकार झाले! एक पान तरी फाडलंत.

येवलेकर : नखांचं उत्तर राहिलं.