अण्णांचं घड्याळ: परिवार ग्रुपवरून

माई आत्या: अण्णांच्या घड्याळाची डायल कोणी रंगवून आणली? फोटो पाहून मी ओळखलंच नाही. आणि घड्याळ सध्या आहे कोणाकडे?

बंड्या: कसलं भारी दिसतंय! एकदम कोरं 😍

नानाकाका: तेच तर दुखणं आहे. जुन्या डायलवर सायीसारखा रंग चढला होता, तो विकत मिळत नाही. झूम करून ६ च्या खाली बघा. अक्षरं जाड झालीत, सेकंदाच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत.

धाकटे जावई: काका, नमस्कार. सर्व्हिसिंगला मीच दिलं होतं. तेल सुकून मागे पडत होतं. डायल रंगवा असं सांगितलं नव्हतं, घड्याळवाल्याने परस्पर केलं.

माई आत्या: जावईबापूंना कोणी काही म्हणत नाहीये. घड्याळ कोणाकडे आहे?

नानाकाका: मला म्हणायचंय. काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग पिवळा पडला होता, तो त्याने खरवडला का? इतकं जुनं घड्याळ, बहुतेक रेडियम असणार.

मोठी वहिनी: अंधारात चमकत कुठे होतं? संपलं असेल.

नानाकाका: चमक जाते ती रंगातलं झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे, रेडियममुळे चमकतं ते. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं! त्याची भुकटी श्वासात जाता कामा नये. घरी झाकण उघडू नका.

बंड्या: म्हणजे अण्णा रेडिओॲक्टिव्ह होते? 😂😂

मोठी वहिनी: बंड्या!!

दादा: विषय निघालाच आहे तर हे माझं नवीन. पूर्ण हाताने बनवलेलं. [फोटो]

धाकटे जावई: वा दादा! आत एनएच३५ मशीन ना?

दादा: हो. तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावीवर ४१ तास. डायल तांब्याच्या पत्र्यावर इनॅमल, म्हणजे भट्टीत भाजलेला काचेचा लेप. मागूनही थर द्यावा लागतो, नाहीतर भट्टीत पत्रा वाकतो.

नानाकाका: डायल अप्रतिम. पण मशीन सेईकोचं आयतं. 'पूर्ण हाताने' म्हणू नये.

दादा: बरं, हाताने जुळवलेलं. काहीजण तर नुसती विकत घेऊन कपाटात ठेवतात.

मोठी वहिनी: भावोजी, काका आहेत ते 🙏

माई आत्या: सगळ्यांची घड्याळं छान. अण्णांचं कोणाकडे आहे एवढंच सांगा.

बंड्या: माझ्या स्मार्टवॉचला ना तेल ना रेडियम.

नानाकाका: आणि बॅटरी गेल्यावर?

धाकटे जावई: आत्या, आमच्याकडेच आहे. पण कालपासून एकदम पुढे पळायला लागलंय.

नानाकाका: मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरवर ठेवलंत का? हेअरस्प्रिंगची, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, मग पळतं. चुंबकत्व काढणं मिनिटाचं काम. फक्त त्याच माणसाकडे नेऊ नका.

माई आत्या: मुळात अण्णा ते कोणाला देणार होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मोठी वहिनी: तो विषय ग्रुपवर नको, प्लीज.

दादा: डिमॅग्नेटायझर आहे माझ्याकडे. जावईबापू, पाठवून द्या, करून देतो.

माई आत्या: कोणी कोणाला पाठवायचं नाही. मी स्वतः येऊन नेणार आहे.

धाकटे जावई: 👍